श्वासाचे माप आणि आयुष्याचा अंदाज
(जबलपूर येथील वाचकांपुढे अनुवादकाने केलेले भाषण)



वैद्यकावरील पुस्तक मराठीत आणताना अनुवादकाला खोळंबवतात ते अवघड शब्द नव्हेत, सोपे दिसणारे शब्द. ‘प्रेडिक्टर’ हा त्यांपैकीच एक. ‘भविष्यसूचक’ म्हणावे तर ज्योतिषाचा वास येतो. ‘निदर्शक’ म्हणावे तर काळाचा संदर्भ हरवतो. मी ‘पूर्वसूचक’ हा शब्द पत्करला. व्हेंटिलेटरवर, म्हणजे श्वासयंत्रावर, असलेल्या रोग्यांच्या श्वासाची मापे त्यांच्या जगण्याविषयी कितपत पूर्वसूचना देतात, एवढ्यापुरतेच आज बोलणार आहे.

श्वास मोजून आयुष्याचा अंदाज बांधण्याची हौस जुनी आहे. इंग्लंडमधील वैद्य जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली दोन हजारांहून अधिक माणसांच्या श्वासाची मापे प्रसिद्ध केली. छाती भरून घेतलेला श्वास पूर्ण सोडावयाचा. त्या हवेच्या मापाला त्यांनी जीवनशक्तीशी नाते सांगणारे ‘व्हायटल कपॅसिटी’ हे नाव दिले. आयुर्विम्याच्या कामी ते उपयोगी पडेल, अशी त्यांची अपेक्षा होती.

अतिदक्षता विभागातील अत्यवस्थ रोग्याकडून असा श्वास सोडवून घेता येत नाही. त्याच्या छातीत हवा भरते ती यंत्र. म्हणून तेथील माप निम्मे रोग्याचे आणि निम्मे आपल्याच उपचाराचे असते. सारी गुंतागुंत येथे आहे.

अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फुप्फुसांना तीव्र इजा झालेले ८६१ रोगी होते. एका गटाला दर किलोमागे १२ मिलिलिटरचा श्वास, दुसऱ्याला ६ मिलिलिटरचा. आरंभीच्या दिवसांत रक्तातील प्राणवायूचे आकडे मोठ्या श्वासाच्या गटात अधिक चांगले होते. मृत्यू मात्र त्याच गटात अधिक झाले: शंभरांत सुमारे ४०, दुसऱ्या गटात ३१. आकडा सुधारत होता आणि माणसे दगावत होती! कारण असे की, अशा आजारात फुप्फुसाचा बराच भाग पाणी भरून निकामी होतो. उरलेल्या लहानशा भागातच सारी हवा कोंबली जाते आणि तो ताणाने दुखावतो.

हे किलोही रोग्याच्या प्रत्यक्ष वजनाचे नव्हेत, हे मुद्दाम सांगतो. माणूस स्थूल झाला म्हणून त्याची फुप्फुसे वाढत नाहीत. म्हणून वजन उंचीवरून काढतात. पाच फूट उंचीच्या स्त्रीचे असे वजन ४५.५ किलो धरतात. तिचा श्वास सुमारे २७३ मिलिलिटरचा. तिचे खरे वजन ८० किलो असेल आणि कोणी तेच धरले, तर तिला ४८० मिलिलिटर हवा मिळेल.

पुढे २०१५ साली ब्राझीलचे मार्सेलो अमाटो व त्यांचे सहकारी यांनी नऊ जुन्या चाचण्यांतील ३,५६२ रोग्यांची माहिती पुन्हा तपासली. श्वास भरून क्षणभर रोखला असता फुप्फुसात जो दाब असतो, त्यातून उच्छ्वासाच्या अखेरीस यंत्राने राखलेला दाब वजा करावयाचा. या वजाबाकीचे जगण्यामरण्याशी नाते इतर मापांहून निकटचे आढळले. तथापि ही जुन्या माहितीची फेरतपासणी होती. तो दाब मुद्दाम उतरवल्याने रोगी वाचतात, हे एवढ्याने सिद्ध होत नाही. ‘पूर्वसूचक’ या शब्दाशेजारी अनुवादात मी सर्वत्र ‘रोग्यांच्या’ हे अनेकवचन ठेवले आहे, ते उगाच नव्हे.

आपल्या गावात १९५५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. मंडला, सिवनी, नरसिंहपूरकडून रोगी घेऊन आलेला नातेवाईक काचेच्या दाराशी एकच विचारतो, “बचेंगे ना?” कोणतेही माप त्या एका माणसाविषयी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणत नाही. परंतु श्वास उंचीच्या हिशोबाने दिला जात आहे ना, आणि दाब कालच्याहून उतरला की चढला, हे विचारता येते. आणि त्याचे उत्तर डॉक्टरांपाशी असते.