कमीत कमी म्हणजे नक्की किती?

आजचा एपिसोड सहावी ते आठवीच्या पोरांसाठी, आणि त्यांचा अभ्यास घेणाऱ्या ताई-दादांसाठी. रोजच्या बोलण्यातलं वाक्य असमानतेत, म्हणजे त्या लहान-मोठ्याच्या चिन्हांत, कसं लिहायचं?

सुरुवात एका फसव्या शब्दानं करूया. 'पास व्हायला कमीत कमी ३५ गुण हवेत.' यात 'कमी' दोनदा ऐकू येतं, म्हणून मुलं पटकन लिहितात, गुण < ३५. आता हे वाचून बघा. ३४ वाला पास आणि ९० वाला नापास! उलटंच झालं की. बरोबर उत्तर आहे गुण ≥ ३५, म्हणजे ३५ किंवा त्याहून मोठे.

'जास्तीत जास्त'चंही तेच. लिफ्टमध्ये पाटी असते, ८ व्यक्ती, ५४४ किलो. माणशी ६८ किलो धरून केलेला हिशोब. म्हणजे जास्तीत जास्त ५४४. शब्द 'जास्त', पण चिन्ह लहानचं, वजन ≤ ५४४.

म्हणून शब्द बघून चिन्ह लावायचंच नाही. तीन आकडे टाकून बघायचे. सीमेवरचा, एक अलीकडचा, एक पलीकडचा. ३४, ३५, ३६. प्रत्येकाला विचारायचं, 'तू चालतोस का?' ३४ नाही, ३५ हो, ३६ हो. झालं, चिन्ह सापडलं! आम्ही सॉफ्टवेअरवालेही कोड तपासताना हेच करतो. त्याला बाउंड्री टेस्टिंग म्हणतात.

यातला मधला आकडा सगळ्यात महत्त्वाचा. 'पेक्षा जास्त' म्हटलं की सीमा बाहेर. 'किमान', 'निदान', 'पेक्षा कमी नाही' म्हटलं की सीमा आत, आणि चिन्हाखाली छोटी रेघ येते.

या रेघेचं वजन किती? १९८९ मध्ये मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. संविधानाच्या कलम ३२६ मधली अट आहे, वय १८ पेक्षा कमी नसावं. म्हणजे वय ≥ १८. आता समजा, एखाद्या प्रोग्रॅममध्ये वय पूर्ण वर्षांत मोजलंय आणि कुणी रेघ विसरून वय > १८ लिहिलं. अठरा पूर्ण झालेली सगळी मुलं एकोणीस होईपर्यंत यादीबाहेर!

कधीकधी मात्र वाक्यच सीमा सांगत नाही. 'दहाच्या आत घरी ये.' बरोबर दहाला पोचलात तर? ते गणितात सापडणार नाही, आईलाच विचारावं लागेल. चिन्ह लिहिण्याआधी विचारून घेणं, हाही गणिताचाच भाग आहे.

जाता जाता एक गृहपाठ. रेल्वेत स्वतंत्र बर्थ नको असेल, तर ५ पूर्ण झालेल्या, पण १२ च्या आतल्या मुलांना अर्धं तिकीट लागतं. यात दोन सीमा आहेत. रेघ कुठे येईल, कुठे नाही? आणि बाराव्या वाढदिवसाला प्रवास असेल, तर तिकीट कुठलं? घरातल्या सातवीवाल्याला विचारा, आणि तीन आकडे त्यालाच टाकू द्या. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!