ट्रॅक्टर ऑईल का खातो? इंजिन खोलण्यापूर्वी काय पाहावे



सोयाबीनची कापणी तोंडावर आली आहे. लातूर-नांदेड भागात आता महिना-दीड महिना ट्रॅक्टरला उसंत नाही. आज हडंबा, उद्या रोटाव्हेटर, लगेच हरभऱ्याची पेरणी. आणि नेमक्या याच दिवसांत तक्रार येते, "साहेब, ट्रॅक्टर ऑईल खायला लागला." मिस्त्रीकडे न्यावा तर तो धूर बघून उभ्या-उभ्याच सांगतो, "हाफ इंजिन करावं लागेल." म्हणजे पिस्टन, रिंगा, लायनर असा हजारोंचा खर्च, आणि ऐन हंगामात ट्रॅक्टर आठ दिवस उभा. कधी कधी हे काम खरोखरच लागते. पण लागते की नाही, हे इंजिन न खोलताही बऱ्याच अंशी कळते.

आधी ऑईल किती जाते ते मोजावे. अंदाजाने बोलू नये. सकाळी इंजिन थंड असताना, ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, दांडी पुसून पुन्हा घालावी आणि मग खूण पाहावी. वरच्या खुणेपर्यंत ऑईल भरून घ्यावे. तिथून पुढे 100 लिटर डिझेल जळेपर्यंत किती ऑईल वरून घालावे लागले, ते वहीत लिहून ठेवावे. 100 लिटर डिझेलमागे 1 लिटर ही वरची मर्यादा समजावी. चांगल्या इंजिनाला याहून पुष्कळ कमी लागते. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची संस्था ट्रॅक्टरच्या चाचण्या घेते. तिथेही डिझेलबरोबर ऑईलचा खप मोजतात. थोडेसे ऑईल प्रत्येक इंजिन जाळतेच, त्याला घाबरू नये.

काही जण "असू द्या जास्त" म्हणून खुणेच्या वर ऑईल भरतात. ते जादा ऑईल क्रँक उडवते, ते वर जाऊन जळते किंवा ब्रीदरवाटे बाहेर पडते. मग वाटते, इंजिन ऑईल खाते. आणि दांडीवर ऑईल कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर चेंबरमध्ये डिझेल किंवा पाणी उतरते आहे. ऑईल पातळ होऊन त्याला डिझेलचा वास येतो, किंवा पाण्याने ते ताकासारखे दिसते. असा ट्रॅक्टर एक तासही चालवू नये.

ऑईल कमीच होत असेल, तर पुढे गळती शोधावी. रात्री इंजिनाखाली कोरा पुठ्ठा टाकावा. मात्र काही गळती इंजिन गरम असतानाच होते, म्हणून इंजिन धुऊन-पुसून अर्धा दिवस काम करावे आणि मग ओल कुठे आली ते बघावे. चेंबरचे पॅकिंग, टॅपेट कव्हर, फिल्टरचा बूड, पुढचे-मागचे ऑईल सील. ब्रीदरची नळी चोंदली तरी आतला दाब वाढून चांगल्या सीलमधूनसुद्धा ऑईल गळते. ती नळी काढून साफ करायला काही खर्च नाही.

गळती नसेल तर ऑईल जळते आहे. सायलेन्सरचा धूर पाहावा. काळा धूर ऑईलचा नव्हे. तो डिझेल जास्त किंवा हवा कमी झाल्याचा. निळसर धूर ऑईलचा. सकाळी सुरू करताना थोडा निळा धूर येऊन मग साफ होत असेल, तर संशय व्हॉल्व्हच्या गाईडवर आणि सीलवर जातो. ते काम हेड काढून होते, त्यासाठी लायनर बदलायची गरज नाही. पण नांगराला किंवा हडंब्याला लावल्यावर सतत निळा धूर येत असेल, ब्रीदरमधून भकभक वाफारा निघत असेल आणि ओढही कमी झाली असेल, तर रिंगा-लायनर झिजले असे धरावे. टर्बो असलेल्या ट्रॅक्टरमध्ये टर्बोचे सीलही बघून घ्यावे. त्याच्या नळीत ऑईल साचलेले दिसते.

आता रिंगा झिजल्या कशाने? आपल्याकडे बहुतेक वेळा धुळीने. हडंब्याजवळ उभ्या ट्रॅक्टरभोवती भुसा आणि काळ्या मातीची बारीक धूळ उडत असते, आणि इंजिन तीच हवा ओढते. एअर क्लीनर नीट नसेल तर ही धूळ ऑईलमध्ये मिसळते आणि लायनरवर पॉलिश पेपरसारखी फिरते. औसा तालुक्यातील एका शेतकऱ्याने दोन वर्षांत दोनदा इंजिनाचे काम केले. दुसऱ्यांदा कारण सापडले, तेव्हा ते निघाले एअर क्लीनरपासून इंजिनाकडे जाणारी चिरलेली रबरी नळी! नव्या रिंगांनी तीच धूळ पुन्हा खाल्ली होती. जो मिस्त्री रिंगा बदलतो आणि ही नळी बघत नाही, तो पुढच्या वर्षीचे गिऱ्हाईक आत्ताच पक्के करतो, असे माझे मत आहे.

ही परीक्षा घरीच करावी. इंजिन बंद करून क्लीनरच्या पुढची नळी काढावी आणि आतून पांढरे फडके फिरवावे. फडक्यावर माती आली, तर नळी, क्लिप किंवा क्लीनर यांपैकी काहीतरी सदोष आहे. ऑईलच्या वाटीचा क्लीनर असेल तर मळणीच्या दिवसांत वाटी रोज उघडावी. तळाशी गाळ साचला की वाटी डिझेलने धुऊन नवे ऑईल खुणेइतकेच भरावे. खुणेच्या वर भरल्यास इंजिन ते ओढून घेते आणि निळा धूर देते. कागदी फिल्टर असेल तर तो दगडावर आपटू नये, पाण्याने धुऊ नये. कमी दाबाची हवा आतून बाहेर मारावी. आतला लहान फिल्टर साफ करण्याच्या भानगडीत पडू नये, तो बदलायचाच असतो.

रिंगा खरोखर गेल्या असतील तर काम टाळू नये. वरून ऑईल घालत हंगाम ढकलताना एखादे दिवशी दांडी बघायची राहते आणि क्रँक जातो. मग हाफच्या जागी फुल इंजिन होते. लायनर डोळ्यांनी पाहून चांगला ठरवू नये, मिस्त्रीला डायल गेजने मोजायला लावावे. त्याच्या वरच्या भागात नखाला कड लागत असेल, तर नुसत्या रिंगा टाकण्यात अर्थ नाही. जुने भाग आपल्यासमोर काढून घ्यावेत आणि बिलावर नव्या भागांची नावे लिहून घ्यावीत.

काम झाल्यावर पहिले 50 तास ट्रॅक्टर हलक्या कामाला लावावा, ऊसाची भरलेली ट्रॉली लगेच जोडू नये. मात्र तासन् तास नुसता सुरू ठेवून उभाही करू नये, नाहीतर लायनरला चकाकी येते, रिंगा बसत नाहीत आणि इंजिन पुन्हा ऑईल खाते. या काळात थोडे ऑईल जास्त लागेल, दांडी रोज बघावी. कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या तासांना पहिले ऑईल आणि फिल्टर बदलून घ्यावा. काढलेले ऑईल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नये, डब्यात साठवून जुने ऑईल घेणाऱ्या अधिकृत खरेदीदाराला द्यावे.