व्यसन सुटल्यानंतर
(रिद्धपूर येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



श्रीगोविंदप्रभूंच्या या रिद्धपुरात व्यसननिषेध आम्ही नव्याने सांगावा असे नाही. आमचे निवेदन व्यसन सुटल्यानंतरचे आहे. गांजा, गर्द वर्षानुवर्षे घेतल्याने मेंदूची आनंद अनुभवण्याची शक्ती मंदावते. म्हणून उपचारांनंतर घरी परतलेला तरुण उदास, चिडखोर वा निर्विकार दिसतो. त्यास कृतघ्न समजू नये. मेंदू सावरण्यास कित्येक महिने, क्वचित वर्षाहूनही अधिक काळ लागतो. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली स्थापिलेल्या ‘मुक्तांगण’मध्ये उपचारांत कुटुंबीयांनाही सहभागी करून घेतात, ते याचसाठी. अशा तरुणास नियमित झोप, व्यायाम, काम व माणसांची सोबत हवी. त्यास लग्नकार्यात बोलवावे, शेतीकामात सोबत घ्यावे, मागील गोष्टी उगाळू नयेत, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.