ईशान्य मुंबई : मतदार चंचल की हिशेब चंचल?

मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याकडे निघालेली आगगाडी कुर्ला मागे टाकते, तेथून पुढे घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड ही स्टेशने लागतात. त्यांच्या पूर्वेस ठाण्याची खाडी व मिठागरे, पश्चिमेस डोंगर, आणि दक्षिणेच्या टोकाला गोवंडी-मानखुर्दची दाट वस्ती. एवढ्या पट्ट्याचा मिळून लोकसभेचा एक मतदारसंघ होतो. त्याचे नाव ईशान्य मुंबई. महाराष्ट्राबाहेरच्या श्रोत्यांना ही नावे कदाचित अपरिचित वाटतील. परंतु भारतातील कोणत्याही वाढत्या शहराच्या उपनगरात जे घडत आले आहे, ते येथे फार स्पष्टपणे पाहावयास मिळते.

या मतदारसंघाविषयी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते, आणि ती खरी आहे. 1984 पासून 2024 पर्यंत येथे लोकसभेच्या अकरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या. त्यांपैकी एकाही वेळी विद्यमान खासदार लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून आला नाही. गुरुदास कामत यांना लोकांनी येथून चार वेळा निवडून दिले : 1984, 1991, 1998 आणि 2004. परंतु ही चारही वर्षे सुटी सुटी आहेत. मध्ये 1989 साली जयवंतीबेन मेहता, 1996 साली प्रमोद महाजन आणि 1999 साली किरीट सोमय्या निवडून आले. पुढे 2009 साली संजय दिना पाटील, 2014 साली पुन्हा सोमय्या, 2019 साली मनोज कोटक, आणि 2024 साली पुन्हा पाटील. ही यादी पाहून अनेकजण म्हणतात की, येथील मतदार मोठा चंचल आहे. हा निष्कर्ष सोपा आहे, पण मला तो बरोबर वाटत नाही. सरकारी नोकराने पक्षांच्या गुणदोषांविषयी बोलू नये हे उचितच आहे. परंतु आकड्यांच्या हिशेबाविषयी बोलण्यास हरकत नसावी.

प्रथम वस्तीचा विचार करू. बृहन्मुंबईची हद्द 1950 साली घाटकोपरपर्यंत आली आणि 1957 साली मुलुंडपर्यंत गेली. तोपर्यंत ही बहुतेक गावेच होती. फाळणीनंतर आलेल्या सिंधी व पंजाबी कुटुंबांना मुलुंडच्या वसाहतीत आसरा मिळाला. कच्छी व गुजराती व्यापारी कुटुंबांनी मुलुंड आणि घाटकोपर येथे घरे केली. विक्रोळीपासून मुलुंडपर्यंत कारखाने उभे राहिले, आणि त्यांत काम करण्यासाठी कोकणातून व देशावरून आलेला मराठी कामगार भांडुपच्या चाळींत आणि डोंगरउतारावर राहू लागला. गृहनिर्माण मंडळाने विक्रोळीस कन्नमवारनगर, घाटकोपरास पंतनगर अशा वसाहती बांधल्या. घाटकोपरच्याच चिरागनगर झोपडपट्टीत अण्णा भाऊ साठे यांचे वास्तव्य होते, आणि रमाबाई आंबेडकरनगर ही दलितांची मोठी वस्तीही त्याच उपनगरात आहे. देवनारला 1927 पासून शहराचा कचरा टाकला जात आहे. त्या कचराभूमीलगत, शहरातून उठवलेल्या झोपड्यांतील माणसांना जागा देण्यात आली. आज तेथे मुसलमान व उत्तर भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. मुंबईचा मानवी विकास अहवाल 2009 साली निघाला, त्यात याच भागाचा समावेश असलेला एम-पूर्व विभाग सर्व विभागांत शेवटचा ठरला होता.

असे हे निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या कारणांनी आलेल्या लोकांचे थर आहेत. मूळ शहराची वस्ती कमी होत असताना उपनगर भरत गेले. 2001 साली मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 33 लाख 38 हजार होती, ती 2011 साली 30 लाख 85 हजारांवर उतरली. याच दहा वर्षांत उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या 86 लाख 40 हजारांवरून 93 लाख 57 हजारांवर गेली.

आता मतदानाकडे वळू. कृष्ण मेनन 1957 साली उत्तर मुंबईतून प्रजासमाजवादी पक्षाचे पीटर अल्वारिस यांचा पराभव करून लोकसभेत गेले. 1962 साली आचार्य कृपलानी त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. साऱ्या देशाचे लक्ष लागलेल्या त्या लढतीत मेनन यांना कृपलानींच्या जवळजवळ दुप्पट मते मिळाली. 1967 साली ईशान्य मुंबईचा मतदारसंघ वेगळा झाला होता. काँग्रेसने मेनन यांना उमेदवारी नाकारून स. गो. बर्वे यांना उभे केले, आणि मेनन अपक्ष म्हणून लढले. बर्वे मूळचे सनदी अधिकारी. ठाण्याच्या खाडीवर पूल बांधून मुंबईची गर्दी पलीकडे न्यावी, अशी शिफारस त्यांच्याच अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने केली होती. तो पूल पुढे 1973 साली मानखुर्दजवळ वाहतुकीस खुला झाला. आदल्याच वर्षी स्थापन झालेल्या शिवसेनेने मेनन परप्रांतीय असल्याचा मुद्दा जोराने मांडला. बर्वे निवडून आले, पण थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी मेनन यांचा पुन्हा पराभव केला.

ईशान्य मुंबईने परक्या प्रांताच्या माणसाला दार लावले, असे त्या वेळी कोणी म्हटले असते तर ते पटले असते. परंतु 1971 साली राजाराम गोपाळ कुलकर्णी निवडून आल्यानंतर, 1977 साली याच मतदारसंघाने मद्रासकडचे सुब्रह्मण्यम स्वामी यांना निवडून दिले. आणि 1980 साली, जनता पक्षाची देशभर पडझड झालेली असताना, पुन्हा निवडून दिले. लागोपाठ दोनदा सार्वत्रिक निवडणूक जिंकणारे ते येथील शेवटचे खासदार.

मग पुढे हा अखंड बदल का होत राहिला? याचे उत्तर विधानसभेच्या निकालांत सापडते. लोकसभेचा हा मतदारसंघ मुलुंड, विक्रोळी, भांडुप पश्चिम, घाटकोपर पश्चिम, घाटकोपर पूर्व आणि मानखुर्द-शिवाजीनगर अशा विधानसभेच्या सहा मतदारसंघांचा बनलेला आहे. मुलुंडने 1999 ते 2014 या काळात सरदार तारासिंह यांना सलग चार वेळा निवडून दिले. मानखुर्द-शिवाजीनगरने 2009 पासून 2024 पर्यंत अबू आझमी यांनाच चार वेळा पाठवले. घाटकोपर पश्चिमने याच काळात राम कदम यांना चार वेळा निवडले, आणि त्यांनी मध्यंतरी पक्ष बदलला तरी निवडले. विक्रोळीचे सुनील राऊत 2014 पासून तीनदा निवडून आले. हा काही चंचल मतदारांचा पुरावा नव्हे. सहा भागांपैकी बहुतेक भाग आपापल्या जागी घट्ट आहेत; त्यांची बेरीज मात्र दर वेळी निराळी येते.

बेरीज बदलते ती प्रामुख्याने युती-आघाड्यांमुळे. 1998 साली काँग्रेस, रिपब्लिकन व समाजवादी पक्ष एकत्र होते, कामत आले. पुढच्याच वर्षी काँग्रेस फुटून राष्ट्रवादी काँग्रेस निघाली आणि दोन्ही पक्ष वेगळे लढले, सोमय्या आले. 2004 साली ते एकत्र लढले. कामत पुन्हा आले. 2009 साली महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या उमेदवाराने दोन लाखांच्या जवळपास मते घेतली, आणि पाटील यांनी सोमय्यांवर तीन हजारांहूनही कमी मतांनी विजय मिळवला. 2014 साली देशभरच्या लाटेत सोमय्या तीन लाखांहून अधिक मतांनी आले. 2024 साली शिवसेना दुभंगलेली होती. तेव्हा मुलुंडचे मताधिक्य एका बाजूला आणि मानखुर्दचे त्याहून मोठे मताधिक्य दुसऱ्या बाजूला पडून पाटील सुमारे तीस हजार मतांनी निवडून आले. त्यानंतर काही महिन्यांतच विधानसभेच्या निवडणुकीत त्याच सहा भागांनी चार निरनिराळ्या पक्षांचे आमदार निवडले.

यात कोणाचे काय बिघडते, असा प्रश्न कोणी विचारील. सत्ता बदलत राहणे हे लोकशाहीचे लक्षणच आहे, हे मान्य. तथापि या मतदारसंघातील खरे प्रश्न पाच वर्षांत सुटणारे नाहीत. देवनारचा कचरा, डोंगरउतारावरची घरे, जुन्या वसाहतींची पुनर्बांधणी ही दहा-वीस वर्षांची कामे आहेत. 12 जुलै 2000 रोजी घाटकोपरच्या उतारावर दरड कोसळून साठांहून अधिक माणसे दगावली. आणि 18 जुलै 2021 रोजी विक्रोळीस पुन्हा दरडीने बळी घेतले. या दोन तारखांमध्ये मतदारसंघाने चार खासदार पाहिले. प्रतिनिधी बदलला की पाठपुराव्याचा धागा तुटतो, आणि त्याचा भार कचराभूमीलगतच्या व दरडीखालच्या माणसावर पडतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आकडे असे उघड झाले की उमेदवार सबंध मतदारसंघाकडे पाहण्याऐवजी ‘आपला’ भाग व ‘त्यांचा’ भाग असा हिशेब मांडू लागतो. मुलुंडला मानखुर्दचे भय दाखवावे आणि मानखुर्दला मुलुंडचे, म्हणजे दोन्हीकडे मतदान वाढते. परंतु दोन्ही भागांना मिळणारा प्रतिनिधी एकच असतो. मुलुंडचा कचरा आणि मानखुर्दची हवा यांचा संबंध निकालाच्या दिवशी संपत नाही.

म्हणून ईशान्य मुंबईच्या मतदाराला चंचल म्हणण्यापूर्वी थोडे थांबावे. तो ज्या गाळ्यात, ज्या चाळीत, ज्या उतारावर येऊन पोहोचला, तेथून त्याला जसे जग दिसते तसे तो मत देतो, आणि बहुधा वर्षानुवर्षे तसेच देतो. या निरनिराळ्या मतांतून सर्वांचा असा एक प्रतिनिधी घडविणे, हे काम एकट्या मतदाराचे नाही. निवडून आलेल्या माणसाने, ज्या भागाने आपल्याला मत दिले नाही त्या भागात पहिली फेरी मारावी, एवढा साधा प्रघात जरी पडला, तरी पुष्कळ साधेल.