एकट्याचा शिधा

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गाणगापुरात एकट्याने पंधरा दिवस, एकवीस दिवस, कोणी महिनाभर राहायचे ठरवले, तर खाण्याची सोय कशी करावी, यावर दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली आहे. कलबुर्गीत राहणाऱ्या आपल्या सगळ्यांनाच पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचा फोन येतो. "तुम्ही जवळ आहात, सांगा, तिथे जेवणाचे काय?" गाणगापूर रोड स्टेशनवर उतरून वीसेक किलोमीटर आत जायचे एवढे त्यांना ठाऊक असते. पुढचे आपल्याला विचारतात.

आम्ही स्थापत्याची पदविका घेतलेले राज्य सरकारचे नोकर. अर्जित रजा साठवायची आणि जमेल त्या वर्षी सेवेला जायचे, असा आमचा क्रम आहे. बोलताना 'आम्ही' म्हणतो खरे, पण तिथल्या खोलीत आम्ही म्हणजे एकटेच असतो. मुलांची शाळा, आईचे गुडघे, यामुळे सौभाग्यवतींना निघता येत नाही.

गुरुचरित्राच्या ३८ व्या अध्यायातला भास्कर ब्राह्मण आपल्याला माहीत आहे. तीन जणांपुरता शिधा घेऊन तो गाणगापुरी आला आणि पुढे त्यातच चार हजार माणसे जेवली. कीर्तनकार चार हजारांवर रंगतात, ते योग्यच आहे. आमचे लक्ष मात्र त्या गाठोड्याकडे जाते. रोज कोणी ना कोणी त्याला जेवायला बोलवीत होते. तरी त्याने शिधा मोडला नाही. रात्री तो उशाखाली घेऊन निजे. लोक हसत, पण शिधा जागेवर राहिला. गाणगापुरात जेवायला मिळते की नाही हा प्रश्न तेव्हाही नव्हता, आजही नाही. कोणाचा तरी नैवेद्य असतो, कोणाचे तरी अन्नदान असते. दुपारी झोळी घेऊन पाच घरी मधुकरी मागण्याचा प्रघात आहे. तरीसुद्धा आपला शिधा आपल्याजवळ असावा, असे आमचे ठाम मत आहे.

मधुकरीबद्दल आधी बोलून घेतो, कारण गैरसमज तिथेच आहे. साक्षात महाराज मध्यान्ही भिक्षेला येतात या भावनेने ती मागायची आणि त्याच भावनेने वाढायची. सेवेचा भाग म्हणून जरूर मागावी. पण महिनाभराचा किराणा वाचतो म्हणून कोणी झोळी घेऊन निघू लागला, तर ती मधुकरी राहिली नाही. त्याच ग्रंथात, ३६ व्या अध्यायात, परान्नाविषयी काय सांगितले आहे तेही वाचावे. वाढणारी घरेही आपल्यासारखीच संसारी आहेत.

दुसरे कारण जास्त गंभीर आहे. आमच्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ मधुमेहाच्या गोळ्या घेत असत. महिनाभर राहायला गेले. मिळेल तो प्रसाद घ्यायचा, नाही तर चहा-केळ्यावर भागवायचे, असा त्यांचा नेम. एक दिवस सकाळची गोळी घेतली आणि दुपारचे जेवण राहून गेले. साखर इतकी उतरली की भान गेले. शेजारच्या खोलीतल्यांना संध्याकाळी शंका आली म्हणून निभावले. घरी असते तर दुपारी एक वाजताच कोणी तरी विचारले असते, "अहो, जेवलात का?" एकट्या माणसाला तेवढे एक वाक्य मिळत नाही. पोट बिघडणे, पित्त, चक्कर ही सगळी त्या न मिळालेल्या वाक्याची दुखणी. म्हणून दिवसाची पुडी दिवसाला बांधलेली असावी. संध्याकाळी पुडी तशीच दिसली, की आपण जेवलो नाही हे आपल्याला कळते.

आता अंदाजपत्रक. खात्यात राहून ती सवय जात नाही. एकवीस दिवसांचे गणित सांगतो.

सकाळसाठी भाजलेल्या रव्याच्या पुड्या, एकेक ७० ग्रॅमची. रवा तेलात खमंग भाजायचा, मोहरी, उडीद डाळ, सुकी मिरची, वाळवलेला कढीपत्ता, मीठ घालून गार करायचा आणि मगच बांधायचा. तिथे अडीचपट उकळते पाणी घातले की सांजा तयार. दुपार किंवा रात्र, कोणतीही एक वेळ खिचडीची. ७५ ग्रॅम तांदूळ, ५० ग्रॅम मुगाची डाळ, दोन्ही कोरडे भाजून हळद, हिंग, जिरे घालून ठेवलेले. अशा एकवीस पुड्यांचे वजन २६०० ग्रॅमच्या आसपास होते. उरलेल्या वेळेला कडक भाकरी. पिठल्यासाठी भाजलेले बेसन, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, तूप, लिंबाचे लोणचे, थोडा गूळ. सगळे मिळून नऊ-साडेनऊ किलो भरते. साठीच्या माणसाला ते एकदम उचलवत नाही. दोन पिशव्या कराव्यात.

पीठ मात्र महिन्याचे नेऊ नये. ज्वारीचे पीठ उन्हाळ्यात लवकर कडवट होते आणि त्याची विरी जाते. मग भाकरी थापताना कडा फाटतात. पीठ तिथेच ताजे दळून घ्यावे, नाही तर भाकरी घरूनच करून न्यावी. आणि इथे आपला मुलूख आपल्या मदतीला येतो.

कडक भाकरी ही सोलापूर, विजापूर, कलबुर्गी या ज्वारीच्या पट्ट्याची देणगी आहे. भाकरी अगदी पातळ थापायची, तव्यावर भाजायची, मग मंद आचेवर पूर्ण कोरडी होईपर्यंत शेकायची. पापडासारखी मोडली पाहिजे. मध्ये कुठे लवचीक राहिली तर तिथून बुरशी धरते. गार झाल्यावर सुती कापडात गुंडाळून घट्ट डब्यात. कोरड्या हवेत महिनाभर हू की चू करत नाही. पावसाळ्यात मऊ पडते, तेव्हा तव्यावर पुन्हा शेकावी. दुधात कुस्करा, वरणात भिजवा, नाही तर चटणी-तेलाशी तशीच खा. आमची आई बेचाळीस भाकऱ्या दोन दिवसांत करते. गुडघ्यांमुळे आता चुलीशी बसत नाही, ओट्याशी स्टूल घेऊन करते. सेवेला आम्ही जातो, पण त्यातली निम्मी सेवा स्वयंपाकघरात आधीच झालेली असते. त्याची नोंद कुठल्या वहीत होत नाही, म्हणून इथे करतो.

भाजीचे काय, हा बहिणींचा प्रश्न. गवार, मेथी, वांग्याच्या फोडी चैत्र-वैशाखात उन्हात कडकडीत वाळवून ठेवाव्यात. कलबुर्गीचे चाळीस अंशांपुढचे ऊन आपल्याला फुकट मिळते, त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा! मूठभर वाळवण कोमट पाण्यात अर्धा तास भिजवले की एका माणसाची भाजी होते. ताजी भाजी गावात मिळते, पण एकट्याने पाव किलो वांगी आणली की दोन दिवस वांगीच खावी लागतात.

अमेरिकेत घरासारख्या मोटारी असतात. ओटा, पलंग, फ्रीज सगळे गाडीत. निवृत्त माणसे अशा गाडीत एकटी महिनोन्‌महिने राहतात आणि निघण्यापूर्वी जेवणे शिजवून, वाटून, गोठवून ठेवतात. त्यांची थंडी, आपले ऊन. तत्त्व एकच आहे. अन्नातले पाणी गोठवा किंवा काढून टाका, म्हणजे जंतूंना वाढता येत नाही. आपल्याच राज्यात म्हैसूरला संरक्षण खात्याची अन्न संशोधन प्रयोगशाळा १९६१ पासून जवानांसाठी हेच काम करते आहे. बाजारातली तयार पाकिटे अडीअडचणीला दोन-चार ठेवायला हरकत नाही. मात्र रक्तदाब असणाऱ्यांनी त्यातले मीठ वाचून घ्यावे.

शिजवावे न लागणारे तीन दिवसांचे अन्न मात्र वेगळे बांधून ठेवावे. दडपे पोहे, लाह्या, शेंगदाणे, गूळ, कडक भाकरी. संगमावर भीमा आणि अमरजा भेटतात, आणि भीमा सदाच शांत नसते. २०२० च्या ऑक्टोबरात तिने अफजलपूर तालुक्याचे काय केले ते आम्ही नोकरीमुळे जवळून पाहिले. रस्ते पाण्याखाली, वीज नाही. अशा वेळी गावातले दुकान आधी गावाचे असते.

काही बारीक गोष्टी. खोलीत स्वयंपाकाला परवानगी आहे का, हे जागा ठरवतानाच विचारावे. विजेच्या शेगडीवर सगळी भिस्त ठेवू नये. पुड्यांवर तारीख आणि वेळ लिहावी. सप्ताहाच्या सात दिवसांत बरेच जण एकभुक्त राहतात, हविष्यान्न घेतात. ज्यांना गोळ्या चालू आहेत त्यांनी हा नेम धरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. "महाराज बघून घेतील" असे म्हणणाऱ्यांशी आम्ही वाद घालत नाही, फक्त त्यांच्या पिशवीत साखरेची पुडी टाकतो. माघातल्या गुरुप्रतिपदेला जाणार असाल तर गर्दीमुळे सगळेच हिशेब दीडपट धरा. आणि रोज रात्री ठरल्या वेळी घरी एक फोन करून आज काय खाल्ले तेवढे सांगावे.

परतताना पुड्या उरल्या तर घरी आणू नयेत. शेजारच्या खोलीत आपल्यासारखाच कोणी एकटा असतो, त्याला द्याव्यात. तारीख लिहिलेली असल्याने त्यालाही धास्ती राहत नाही.

भाकरीचे पीठ किती पाण्यात भिजवायचे, हे ज्यांना विचारायचे असेल त्यांनी कार्यक्रमानंतर आमच्या आईंना भेटावे. त्या तिसऱ्या रांगेत कडेला बसल्या आहेत. आम्हाला फक्त वजने पाठ आहेत.