भाजक कुणी खाल्ला?

(कर्जतला युवकांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मला विषय दिलाय, सरकारी शाळेत एका पोरामागं खर्च किती? विषय ऐकून काहींनी तोंडं वाकडी केली. क्रांतीवर बोला म्हणाले, हिशेबावर काय बोलायचं? मी म्हणतो, आपल्याला ज्यांनी गाडलं त्यांनी वहीतच गाडलं. वही सावकाराची असो नाहीतर सरकारची. म्हणून आज वही उघडू.

कर्जत तालुक्यातली एक वाडी. नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या यादीत वर सरकेल. ठाकर-कातकऱ्यांची वस्ती, जिल्हा परिषदेची शाळा, पटावर ९ पोरं, दोन गुरुजी. मी गेलो त्या दिवशी एकच गुरुजी होते. दुसरे मतदारयादीच्या कामाला गेलेले.

आता पाटीवर गणित मांडू. दोन गुरुजींचा मिळून पगार महिन्याला लाख रुपये धरा. वर्षाला १२ लाख. भागिले ९. एका पोरामागं १ लाख ३३ हजार! हा आकडा ऐकला की शहरातला शहाणा माणूस म्हणतो, अरे बापरे, एवढ्यात तर डोंगरावरची पोरं कॉन्व्हेंटात शिकतील. करा बंद!

थांबा. त्याच शाळेत ३० पोरं बसवा. आकडा येतो ४० हजार. ६० बसवा, २० हजार. शिक्षणहक्क कायद्यानं ६० पोरांपर्यंत दोनच शिक्षक लागतात. म्हणजे पगार तोच, भिंती त्याच, फळा तोच. वरचा आकडा हललेलाच नाही. हलला तो खालचा. भाजक.

तेव्हा प्रश्न खर्च कुणी वाढवला हा नाहीच. प्रश्न हा की भाजक कुणी खाल्ला?

पहिला घास वीटभट्टीचा. दिवाळी झाली की कातकऱ्याचं बिऱ्हाड उठतं. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, त्यात लग्न नाहीतर दुखणं भागवलेलं. ती फेडायला नवरा-बायको भट्टीवर, आणि मागं पोरं. पटावर नाव, पोर चिखलात. पावसाआधी परत येतं तेव्हा अक्षरं विसरलेलं असतं. शिक्षण हमी कार्ड नावाचा कागद आहे, पोर जिथं जाईल तिथल्या शाळेत बसावं म्हणून. कागद चांगला आहे. पण भट्टीवर जन्माला आलेल्या उचलीला कार्ड दाखवून चालत नाही.

दुसरा घास आपला. हो, आपला. माझी पोरगी इंग्लिश मीडियमला आहे. इथं बसलेल्या किती जणांची पोरं, भावंडं, भाचरं सरकारी शाळेत आहेत? हात वर करू नका, मला उत्तर माहीत आहे. आपण याच शाळांतून शिकलो, नोकऱ्या धरल्या, बदलापूर-कल्याणला ब्लॉक घेतले आणि पहिली गोष्ट केली ती ही, की पोरं तिथून काढली. आपली चूक म्हणत नाही. शाळा आधी पडकी केली, मग आपण पळालो. पण आपण पळाल्यावर तिथं भांडणारं कुणी उरलं नाही, हे कबूल करा.

आता त्या १ लाख ३३ हजारातलं पोराच्या अंगापर्यंत काय येतं? वर सांगितला तो निव्वळ पगार. बाकीचं वेगळं मोजा. गणवेशाला ६०० रुपये. दुपारचं जेवण शिजवायला, तांदूळ सोडून, १ मे २०२५ पासून पहिली ते पाचवीच्या पोराला रोजचे ६ रुपये ७८ पैसे. कायद्यातले २०० दिवस धरले तर वर्षाचे १,३५६. ३० पर्यंत पटाच्या शाळेला समग्र शिक्षाचं वार्षिक अनुदान १० हजार. खडू, वीज, डागडुजी त्यातच. नवांत वाटा, १,१११. बेरीज तीन हजारांच्या घरात. मागास जातीजमातींच्या मुलींना १९९२ साली हजेरीचा भत्ता सुरू झाला, दिवसाला एक रुपया. तीस वर्षं उलटली तरी तो रुपया रुपयाच राहिला होता. रुपयात आता गोळी येत नाही बिस्किटाची.

आणि गुरुजी मतदारयादीला गेले, निवडणुकीला गेले, जनगणनेला गेले, तर त्या दिवसांचा पगार कुणाच्या नावावर पडतो? पोराच्या. गणती देशाची, मतदान लोकशाहीचं, आणि खर्च मांडायचा कातकऱ्याच्या पोराच्या डोक्यावर!

आता सरकारचा दुतोंडीपणा बघा. शिक्षणहक्क कायद्यानं खासगी शाळेतल्या २५ टक्के जागा गरिबांच्या पोरांना. त्या पोराचे पैसे सरकारनं शाळेला द्यायचे. किती? सरकार स्वतःच्या शाळेत एका पोरामागं करतं तेवढा खर्च, किंवा त्या शाळेची फी, जे कमी असेल ते. महाराष्ट्रानं हा दर २०१७-१८ पासून धरला १७,६७० रुपये. २०२०-२१ ला करोनाचं निमित्त करून ८ हजारांवर आणला. म्हणजे द्यायची वेळ आली की पोर स्वस्त, आणि वाडीवरची शाळा मोजायची वेळ आली की तेच पोर महाग.

फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलला. एक किलोमीटरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट. हायकोर्टानं १९ जुलै २०२४ ला तो रद्द केला म्हणून बरं. आणि त्याआधी, सप्टेंबर २०२३ मध्ये, याच शिक्षण खात्यानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले होते. राज्यात अशा शाळा १४,७८३. पोरं १ लाख ८५ हजारांवर. म्हणजे सरकारी शाळा जवळ आहे म्हणून खासगीत जाऊ नको, आणि सरकारी शाळा परवडत नाही म्हणून तीही उचलतो. मग पोरानं जायचं कुठं? भट्टीवर.

शाळा बंद करून वाचतं तरी काय? गुरुजी दुसऱ्या शाळेत समायोजित होतात, पगार चालूच. लगेच वाचतात ते अनुदानाचे १० हजार. पुढं वाचते ती नवी भरती. म्हणजे आपल्याच डीएड झालेल्या पोरांची नोकरी. आणि जातं काय? पावसात ओढा भरला की लांबच्या शाळेत आधी मुलगी जायची थांबते. त्या वाडीवरची एक आजी मला म्हणाली, "शाला हाय म्हनून सायेब येतो वाडीला. शाला गेली का कोन येल?"

खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी आठवा. १९ जुलै २०२३ ची रात्र, डोंगर खाली आला. वर जायला रस्ता नव्हता. बातम्यांत आलं, काही पोरं त्या रात्री शाळेच्या इमारतीत होती म्हणून वाचली आणि त्यांनीच खबर दिली. त्या इमारतीचा दरडोई खर्च काढा बघू कुणी.

कुणी म्हणेल, मग दरडोई हिशेब नकोच. नाही. हिशेब हवाच. बाबासाहेबांनीच तो करून दाखवलाय. १२ मार्च १९२७, मुंबई विधिमंडळ. त्यांनी सांगितलं, सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करतं आणि दारूच्या अबकारीतून माणशी दोन रुपयांच्या वर काढून घेतं. लोकांकडून अबकारीत घेता तेवढं तरी त्यांच्या शिक्षणावर घाला, ही त्यांची मागणी होती. शाळेत शिरलेल्या शंभर पोरांतली १८ च चौथीपर्यंत पोचतात, हेही त्यांनी तिथंच मांडलं. आणि आठच दिवसांनी, २० मार्चला, ते याच कुलाबा जिल्ह्यात महाडला चवदार तळ्यावर उभे होते. वही आणि तळं, लढाई एकच. त्याआधी १८८२ साली जोतीरावांनी हंटर कमिशनला हेच ऐकवलं होतं. सारा भरतो कुणबी आणि शिकतात वरच्यांची पोरं.

फरक ओळखा. ते विचारतात, तुमच्यावर दरडोई किती घालवायचं? बाबासाहेब विचारतात, आमच्याकडून दरडोई किती घेतलं?

मग घ्या हिशेब कर्जत-खालापूरचा. घाटावरून आणलेल्या पाण्यावर खोपोलीला १९१५ पासून टाटांची वीज निघते, ती मुंबईसाठी. एक्सप्रेसवे खालापुरातून गेला, टोल रात्रंदिवस. कर्जतभर फार्महाऊस, रिसॉर्ट. विटा इथल्या मातीच्या आणि इथल्या हातांच्या, इमारती शहरात. हे घेतलेलं भागिले इथली डोकी, किती येतात? हा भागाकार कुठल्याच फायलीत नाही. तो आपण करायचा.

माथेरानच्या भाई कोतवालांनी, न्हाव्याच्या घरच्या पोरानं, वकिली शिकून याच तालुक्यात गावोगाव स्वयंसेवी शाळा काढल्या. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर गोळी खाल्ली. त्यांनी आधी पट किती म्हणून विचारलं नव्हतं.

तर काम सांगतो, टाळ्या नकोत. प्रत्येकानं एक वाडी धरा. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात, त्या पालकांना त्यांचा अधिकार समजावून सांगा. ग्रामसभेत शाळा बंद न करण्याचा ठराव घ्या. माहितीच्या अधिकारात विचारा, गुरुजी वर्षात किती दिवस बाहेरच्या कामाला होते. दिवाळीआधी भट्टीच्या वाटेवर उभे राहा आणि पोरं मागं ठेवायची सोय सरकारकडून भांडून घ्या.

त्या वाडीत ९ पोरं आहेत. पुढच्या जूनला मी परत जाणार आहे. ९ ची ८ झाली तर ते एक पोर कुठं गेलं, हा प्रश्न सरकारच्या आधी तुम्हाला-मला विचारला जाईल.

जय भीम.