अंगठ्यापासून हक्कापर्यंत



प्रौढ शिक्षण म्हणजे सही करायला शिकवणे, अशी समजूत अजून पुष्कळ ठिकाणी आढळते. ती अपुरी आहे. या विषयाशी आपल्या नगरचा जुना संबंध आहे, तो प्रथम सांगतो. १९४२ साली ‘छोडो भारत’ ठरावानंतर काँग्रेसचे जे पुढारी येथील भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध झाले, त्यांत मौलाना अबुल कलाम आझाद आणि डॉ. सय्यद महमूद हे दोघे होते. डॉ. महमूद बिहारचे शिक्षणमंत्री असताना १९३८ मध्ये तेथे मोठी साक्षरता मोहीम निघाली होती. मौलानासाहेब स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत प्रौढ शिक्षणाला ‘समाजशिक्षण’ हे व्यापक रूप मिळाले. अक्षरओळखीबरोबर आरोग्य, उत्पन्न आणि नागरिकाचे हक्क व कर्तव्ये यांचेही ज्ञान द्यावे, असा तो विचार होता.

त्याच सुमारास, १० डिसेंबर १९४८ रोजी, संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. शिक्षण हा प्रत्येकाचा हक्क आहे, असे त्याचे सव्विसावे कलम सांगते.

मग निरक्षराला हक्क नाहीत काय? जरूर आहेत. आपल्या राज्यघटनेने मतदानाला शिक्षणाची अट घातलेली नाही. परंतु हक्क असणे वेगळे आणि तो पदरात पडणे वेगळे. पाथर्डीकडचा मजूर ऊसतोडीला जाताना मुकादमाकडून उचल घेतो. हंगामाअखेर किती फिटली, किती राहिली, हे मुकादमाची वही सांगते. ती वही ज्याला वाचता येत नाही, तो दाद कशाच्या आधारावर मागणार? हक्कसोडपत्रावर उमटलेल्या एका अंगठ्याने बहिणीचा जमिनीतला वाटा जातो. मेहेर हा स्त्रीचा हक्क. पण निकाहनाम्यात त्याची रक्कम काय लिहिली आहे, हे तिला स्वतः वाचता आले पाहिजे.

आपल्या समाजात आणखी एक अडचण आहे. उर्दू शाळेत शिकलेली आई उर्दू वर्तमानपत्र सहज वाचते. पण तलाठ्याकडचा सातबारा आणि तहसील कचेरीची नोटीस मराठीत असते. उर्दू आपण जपूच, पण मराठी वाचता येणे हीदेखील हक्कांच्या रक्षणाची गरज आहे.

२०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७९ टक्के होते. स्त्रियांचे मात्र ७१ टक्क्यांच्या आसपासच होते. म्हणून स्त्रियांचे वर्ग त्यांची घरची कामे आटोपल्यावर, मोहल्ल्यातच भरले पाहिजेत. ‘आता या वयात शिकून काय करायचे?’ असे कोणी म्हटले, तर सांगा : नोकरीसाठी नव्हे, फसवणूक टाळण्यासाठी शिकायचे.

विद्यार्थिमित्रांनो, २०२२ साली आखलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमातही १५ वर्षांवरील निरक्षरांना स्वयंसेवकांनीच शिकवायचे ठरले. तुम्ही प्रत्येकाने घरातील किंवा शेजारच्या एका प्रौढाची जबाबदारी घ्या. धडा घरच्याच कागदांवर द्या : रेशनकार्ड, वीजबिल, बँकेचे पासबुक. आणि त्यांना एक नियम घालून द्या : वाचून समजल्याशिवाय सही करायची नाही. हा नियम ज्या घरात रुजेल, त्या घरात मानवी हक्कांचा जाहीरनामा खऱ्या अर्थाने पोहोचला, असे मी मानीन.